खऱ्या खुर्चीचे वजन

एप्रिलातल्या पहिल्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास राणीसावरगावच्या शाळेच्या मैदानावर महारुद्रने आपल्या होणाऱ्या मेव्हण्याच्या डोक्यात खुर्ची घातली. खुर्ची थर्माकोलची असायला हवी होती. ती प्लास्टिकची होती. मेव्हण्याचे नाव रंगनाथ. त्याच्या डाव्या भुवईवर तीन टाके पडले. महारुद्रचे लग्न रंगनाथच्या धाकट्या बहिणीशी, पाथरीच्या ईश्वरीशी, मे महिन्यात ठरलेले आहे. साखरपुडा झाला आहे, बस्ता बांधायचा राहिला आहे.

मैदानावर सिनेमाचे चित्रीकरण चालू होते. त्यामुळे खुर्ची बसली तेव्हा बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगनाथच्या कपाळावरून रक्त उतरू लागले तेव्हाही काहींना वाटले, रंग झकास जमलाय.

सिनेमा वैदेहीचा. ती परभणीची, वडील सरकारी कचेरीत कारकून, आई शिक्षिका. पुण्यात ती चित्रपटाचे शिक्षण घेते. तिथे शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा एक छोटा चित्रपट करावा लागतो. तिने विषय घेतला फुटबॉलच्या प्रेक्षकांमधल्या मारामारीचा. या विषयावर इंग्रजीत पुष्कळ चित्रपट आहेत आणि त्यांचा साचा साधारण ठरलेला असतो. एक शहर, एक संघ, त्या संघाच्या नावाने डोकी फोडायला निघालेली एक टोळी. त्या टोळीत नवा आलेला एक मुलगा, त्याला तिथे मिळणारी माया. मग स्टेशनबाहेर किंवा पुलाखाली दुसऱ्या टोळीशी गाठ आणि शेवटी कुणाचे तरी मरण. सामना क्वचित दिसतो, चेंडू त्याहून क्वचित. वैदेहीचे म्हणणे असे, की हे मारामारीचे चित्रपट नाहीतच. एकमेकांना जवळ घ्यायची ज्यांना लाज वाटते अशा पुरुषांचे ते चित्रपट आहेत. तिच्या प्राध्यापकांना हे पटले. मग हेच तुमच्याकडे कसे दिसेल, असे त्यांनी विचारले, आणि ती परभणीला आली.

परभणीत तिने ओळखीच्या लोकांना निरोप धाडले, की अशा पिक्चरमध्ये काम करायला माणसे हवीत. तिसऱ्या दिवशी राणीसावरगावहून महारुद्रचा फोन आला. त्याचे बसस्टँडजवळ मोबाइल आणि डिश दुरुस्तीचे दुकान आहे; वडील किशनराव शेती बघतात. काम मिळेल का, हे त्याने विचारलेच नाही. कुठल्या पिक्चरमधली मारामारी खरी वाटते आणि कुठली नाचल्यासारखी, यावर तो बोलत राहिला. वैदेहीला जिल्ह्यात पहिल्यांदाच असा माणूस भेटत होता ज्याने हे सगळे पिक्चर पाहिले होते. त्याने ते हिंदीत डब केलेले पाहिले होते, दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाईक नसताना. त्यातला लंडनच्या टोळीचा एक तर इतक्या वेळा, की त्यातले लोक कधी बिअर पितात आणि कधी रडतात हे त्याला पाठ होते.

राणीसावरगावात फुटबॉल आला तो नांदेडकडच्या एका क्रीडाशिक्षकामुळे. शिक्षकांची पुढे बदली झाली, चेंडू गावात राहिला. गावातली पोरे खेळू लागली. महारुद्रचा गुडघा लहानपणी बैलगाडीवरून पडून दुखावलेला, त्यामुळे तो खेळत नाही. तो ओरडतो. पिक्चर पाहून त्याने दहाबारा जणांची टोळी जमवली आणि तिला फर्म म्हणायला सुरुवात केली, कारण पिक्चरमध्ये तसे म्हणतात. फर्म म्हणजे बियाण्यांची कंपनी समजून दोन शेतकरी दुकानावर येऊन सोयाबीनचे बियाणे कधी येणार ते विचारून गेले. पिक्चरमधले लोक गळ्यात लोकरीचे पट्टे घालतात. इथे ते जमणारे नव्हते, म्हणून पिवळ्या-काळ्या रंगाच्या दस्त्या, म्हणजे मोठे रुमाल, करून घेतल्या. उन्हात त्या ओल्या करून डोक्याला बांधता येतात. गंगाखेडच्या एका स्पर्धेत या फर्मने समोरच्या संघावर गाणी रचून म्हटली. त्यातले ‘आले कशाला, जाता कशाला, चहा तरी घ्या’ हे इतके गाजले, की समोरच्या संघाचे लोक सामन्यानंतर खरोखरच चहाला थांबले. मारामारी कधी झाली नाही. महारुद्रला त्याची थोडी खंत होती.

त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, एकदा शेंगा फोडता फोडता तो लंडनचा पिक्चर सगळा पाहिला. संपल्यावर त्यांनी एकच विचारले.

“एवढाली माणसं हायेत पिच्चरात. एकाची बी आई कशी न्हाई?”

महारुद्रने हे वैदेहीला फोनवर सांगितले. वैदेहीने ते लगेच आपल्या कथेत घातले. तिच्या चित्रपटाच्या शेवटी आता एक आई मैदानावर येते.

खरी अडचण टोळ्यांची होती. एक टोळी राणीसावरगावची, दुसरी कुठली तरी हवी. शेजारच्या गावांतली माणसे आणून पाहिली. पहिल्याच तालमीत कुणाच्या समोर कुणाचा मामा आला, कुणासमोर साडू. भाच्यावर हात उचलायला कुणी तयार होईना. शेवटी महारुद्रनेच सुचवले, की लांबची माणसे आणावीत, पाथरीची. पाथरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथे या गावाचा कुणी नातलग नाही. हे म्हणताना आपला साखरपुडा तिथेच झाल्याचे तो विसरला नव्हता. रंगनाथशी त्याचे जमत होते, आणि निमित्ताने ईश्वरीच्या घरचे कुणी गावी यावे असेही त्याला वाटत होते. पण साखरपुड्यापासून पाथरीही सोयऱ्यांची झाली, हा हिशेब त्याच्या ध्यानात आला नाही.

रविवारी सकाळी पाथरीच्या जीपगाड्या मैदानाजवळ थांबल्या. वैदेहीच्या कथेप्रमाणे दोन्ही टोळ्यांनी दोन बाजूंनी एकमेकांकडे रोखून पाहत यायचे होते. तेवढ्यात किशनराव फेटा बांधून मधे आले. होणाऱ्या व्याह्यांकडची माणसे ऊन अंगावर घेत उभी आहेत, हे त्यांना पाहवेना. त्यांनी शाळेतल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणवल्या, मैदानाच्या मधोमध रांगेत मांडल्या, पोहे दिले, चहा दिला. वैदेहीने घड्याळ दाखवले. किशनराव म्हणाले, मारामारी कुठे पळून चाललीय.

पोह्यांनंतर खुर्च्या घाईने कडेला ओढल्या गेल्या. तिथेच कडेला मारामारीसाठी चार थर्माकोलच्या खुर्च्याही ठेवलेल्या होत्या. त्या गंगाखेडच्या सिताराम डेकोरेटरने केल्या होत्या. लग्नाचे स्टेज सजवणारा हा माणूस. कॅमेऱ्याला फरक कळता कामा नये असे वैदेहीने बजावल्यामुळे त्याने शाळेच्या खुर्च्यांचा नेमका लाल रंग मिळवला होता, पाठीवरच्या जाळीसकट.

चित्रीकरण सुरू झाले आणि दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली म्हणजे लाथेची. भांडणात लाथ लागली, की मारणारा तिथेच वाकायचा, ज्याला लागली त्याच्या अंगाला हात लावून तो हात स्वतःच्या छातीला लावायचा आणि मगच पुढची लाथ उचलायचा. एकाने नाही, सगळ्यांनी. पाय लागला की नमस्कार. वैदेहीने कॅमेरे थांबवून समजावले, की तुम्ही एकमेकांचे शत्रू आहात. सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. पाथरीचा एकजण ओशाळून म्हणाला, “सवय हाय ताई. हात आपोआप जातो.”

दुसरी गोष्ट महारुद्रची. त्याला पाथरीचा एकही माणूस मारेना. त्याच्या अंगावर धावून यायचे आणि दोन हातांवर येऊन थबकायचे. रंगनाथला तर त्याची कॉलर धरायची होती. त्याने धरली ती सरळ करून दिली.

वैदेहीने त्याला बाजूला घेतले. “ते जावई नंतर. आत्ता ते पलीकडच्या टोळीचे आहेत.”

“टोळी तुमची, ताई,” रंगनाथ म्हणाला. “जावई आमचा हाय.”

तेव्हा वैदेहीने उलटे केले. जावयाला मारता येत नसेल, तर जावयाने मारावे. मेव्हण्याची चेष्टा करायला कुणाची हरकत नसते. महारुद्रने थर्माकोलची खुर्ची उचलायची आणि रंगनाथच्या डोक्यात घालायची. खुर्ची फुटेल, रंगनाथ पडेल. रंगनाथ खूश झाला. पडण्याची तालीम त्याने आपणहून तीनदा केली. दाजींचा हात जरा ढिला पडतो असे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, आणि बायको आल्यावर बळ येईल असेही. दोन्ही टोळ्या हसल्या.

कॅमेरे सुरू झाले. महारुद्र धावला, कडेच्या खुर्च्यांतून एक उचलली, मारली.

रंगनाथला दवाखान्यात नेताना जीपमध्ये महारुद्रच त्याचे डोके धरून बसला होता. डॉक्टरांनी विचारले काय झाले, तर रंगनाथ म्हणाला, पिक्चर. डोळा वाचला. टाके घालताना तो महारुद्रला म्हणाला, की आता हात ढिला म्हणणार नाही.

प्रकरण तिथेच संपले असते. पण पाथरीच्या कुणीतरी आपल्या फोनवर तो क्षण टिपला होता, फक्त तेवढाच: धावणारा महारुद्र, खुर्ची, पडणारा रंगनाथ, टाळ्या. खाली लिहिले होते, राणीसावरगावात जावयाचा राडा. रंगनाथच्या भुवईवर पट्टी बसेपर्यंत ही क्लिप पाथरीत पोचली होती. ईश्वरीच्या वडिलांनी, अप्पारावांनी, ती बसस्टँडसमोरच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या फोनमध्ये पाहिली. तो माणूस त्यांना ओळखत नव्हता. त्याने त्यांनाही दाखवली, बघा काय जमाना आलाय म्हणून.

अप्पारावांनी रंगनाथला फोन केला, तो ठीक आहे हे ऐकले, आणि मग किशनरावांना केला. ते रागावून बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, की बस्त्याचे जरा थांबू. किशनरावांनी खुर्च्यांची हकिकत सांगितली, सितारामच्या लाल रंगाची सांगितली. अप्पाराव म्हणाले, खुर्ची मला कळली. मला दुसरेच कळत नाही. साखरपुड्याच्या दिवशीच त्यांच्या कानावर आले होते, की पोरगा दुकानात बसून मारामारीचेच पिक्चर बघतो. तेव्हा त्यांनी मनावर घेतले नव्हते. आता घेत होते.

“ज्याला हाणामारी बघायला एवढी गोड लागती,” ते म्हणाले, “तो घरात दार लावल्यावर काय करंल, हे कुणी सांगायचं मला?”

 किशनरावांनी ते वाक्य घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. मनकर्णाबाईंनी लेकाचे दुकानातले पिक्चर बंद करायला सांगितले. महारुद्र म्हणाला, केलेच आहेत.

मदतीला आली वैदेही. सोमवारी तिने दोन्ही कॅमेऱ्यांतले चित्रण सावकाश पाहिले. पाथरीची क्लिप जिथे संपते, त्यापुढचे तिच्याकडे होते. रंगनाथ पडतो. महारुद्र त्याच्यावरून उडी मारून पुढच्या माणसाकडे जायला निघतो, कारण कथेत तसे होते. जाताना त्याचा पाय रंगनाथच्या खांद्याला लागतो. तो थांबतो, वाकतो, खांद्याला हात लावून तो छातीला लावतो. मग त्याला रक्त दिसते आणि तो खाली बसतो. सकाळभर ज्या नमस्कारावर वैदेही चिडत होती, तो इथे तिला आधी नीट दिसलाही नव्हता. तिने महारुद्रला फोन केला आणि म्हणाली, की हे पाथरीला दाखवायचे.

मंगळवारी दुपारी किशनराव, वैदेही आणि महारुद्र पाथरीला गेले. बोलावल्याशिवाय आत जाऊ नको, असे मनकर्णाबाईंनी लेकाला बजावले होते, म्हणून तो गल्लीच्या तोंडाशी जीपमध्येच बसला. आत वैदेहीने लॅपटॉप उघडून अप्पारावांपुढे ठेवला. अप्पारावांनी चष्मा लावला. खुर्ची बसते तिथे त्यांनी मान फिरवली. नमस्कार आला तेव्हा ते पुढे सरकले आणि पुन्हा दाखवायला सांगितले. मग पुन्हा. रंगनाथ पट्टी बांधून शेजारी बसला होता. तो म्हणाला, मी पडलोय कसा तेही बघा, तीनदा तालीम केली होती.

अप्पारावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “माणूस चिडून मारतो तवा पाया पडत न्हाई. बोलवा त्याला आत.”

महारुद्र आत आला, दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. ती लोखंडी होती; रंगनाथने ती तपासून दिली. चहा आला. चहा ईश्वरीने आणला. ती बी.एस्सी. झालेली, गावातल्या औषधांच्या दुकानात काम करते. तिने ट्रे ठेवला आणि ती उभीच राहिली. लॅपटॉपवर चित्र थांबलेले होते: महारुद्रने खुर्ची उचलली आहे, अजून मारलेली नाही.

“एक विचारू का?” ती म्हणाली. अप्पारावांनी मान हलवली. तिने महारुद्रकडे पाहिले. “थर्माकोलची खुर्ची फुलासारखी असती. ही तसली न्हाई. मंग ही खरी हाय हे तुमाला कधी कळलं? उचलल्यावर, का मारल्यावर?”

किशनराव घाईने म्हणाले, की अशा गडबडीत कुणाला काय कळणार.

“तुमी न्हाई, मामा. त्यांनी सांगावं.”

वैदेहीने नंतर सांगितले, की हा प्रश्न तिला स्वतःला सुचला नव्हता. दोन दिवस ती हेच चित्र पुढेमागे करून बघत होती तरी.

महारुद्रने कप खाली ठेवला. “उचलल्यावर,” तो म्हणाला.

अप्पारावांनी लॅपटॉपवरच्या चित्राकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

“हातात घेतली तवाच कळलं. जड लागली. पन हात वर गेला होता.”

“थांबवता आला असता?”

त्याने विचार केला. खरोखर केला, रंगनाथलाही ते दिसले. “आला असता वाटतंय. थोडा. लय वर्षं बघायलो होतो तसलं. एकदा तरी तसं झालंच पायजे असं वाटलं त्या वक्ताला.” मग तो म्हणाला, “तेवढंच हाय. दुसरं काई न्हाई.”

“दाजी,” रंगनाथ कपाळाला हात लावून म्हणाला, “खोटं बोलायला टाके पडले असते का तुमाला?”

यावर फक्त वैदेही हसली आणि लगेच थांबली. अप्पारावांनी चष्मा पुन्हा चढवला, लेकीकडे बघितले आणि चहा निवायलाय, घ्या, असे सगळ्यांना सांगितले. बस्त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. निघताना किशनरावांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, की आमचे विचारून झाले, आता पोरीचे होऊ द्या.

 परतीच्या वाटेवर जीपने गोदावरीचा पूल ओलांडल्यावर किशनराव लेकाला म्हणाले, की तुला एक शब्द गिळता आला नाही. महारुद्र म्हणाला, नाही. थोड्या वेळाने किशनरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. वैदेही पुढच्या सीटवर होती. आरशात तिला हे दिसले आणि आपल्या चित्रपटातला नमस्कार आपण कापणार नाही, असे तिने तिथे सांगून टाकले. कथेत तो बसत नाही, प्राध्यापक विचारतील, तरी ठेवणार.

त्याच संध्याकाळी महारुद्रच्या फोनवर ईश्वरीचा संदेश आला. साखरपुड्यानंतर ती त्याच्याशी मोजकेच बोलत असे आणि तेही सणावाराच्या निमित्ताने. संदेशात बस्त्याचे नव्हते, खुर्चीचेही नव्हते. तुम्ही सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला पिक्चर कोणता, तो पाठवा, एवढेच होते. महारुद्रने आधी आईला विचारले. मनकर्णाबाई म्हणाल्या, पाठव, पण त्यात आई नाही हे तिला आधीच सांगून ठेव. त्याने तसे लिहिले आणि पिक्चर कुठे मिळेल ते पाठवले.

बस्ता बांधायला परभणीला जायचा दिवस गुरुवार ठरलेला आहे. बुधवारी दुपारपर्यंत तो पाथरीहून कुणी रद्द केलेला नाही, पक्काही केलेला नाही. रंगनाथचे टाके पुढच्या आठवड्यात निघतील. औषधांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असते. ईश्वरीने त्या वेळात पिक्चर अर्धा पाहिला, असे रंगनाथने कळवले आहे. टोळीतला नवा मुलगा पहिला मार खातो आणि बाकीचे त्याला उचलून घरी आणतात, तिथे तिने तो थांबवला आहे. उरलेला अर्धा ती कधी पाहणार, हे त्याला तिने सांगितलेले नाही.